सत्तरावर आणलेली सुई

मी एसी बसवायचं काम जालन्यात शिकलो. आयटीआय झाल्यावर एका उस्तादांकडं लागलो. फ्रीज, कूलरच्या मोटारी, पुढं सीड कंपन्यांच्या ऑफिसातले खिडकीतले एसी, असं काम वाढत गेलं. उस्ताद बोलायचे कमी. गॅस भरताना मात्र एक वाक्य ठरलेलं असायचं. "सुई सत्तर पो आई की हाथ निकाल ले." चालू मशीनमधलं गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या निळ्या गेजवर सुई सत्तरच्या आसपास आली, की काम बराबर. वीस वर्षं मी तेच केलं आणि वीस वर्षं ते बराबरच निघालं. उस्तादांनी काम सोडलं तेव्हा त्यांचा गेज मला दिला. खंडेनवमीला मी पाने-पकडींच्या मध्ये तो ठेवून हळद-कुंकू वाहायचो.

हे सांगतोय ते मोठेपणासाठी न्हाई. पुढं जे झालं त्यात उस्तादांचा दोष नव्हता, हे आधी सांगून ठेवावं म्हणून.

जाफराबादला एक शिक्षक जोडपं होतं. सर विज्ञान शिकवायचे, मॅडम मराठी. केदारखेड्याच्या अलीकडं काळीपिवळी जीप उलटली, तिच्यात सरांच्या मानेला मार बसला. छातीखालचं अंग गेलं. त्यातली एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. अशा माणसाला खालच्या अंगाला घाम येत न्हाई. बाहेर तापलं की ते शरीर पत्र्यासारखं तापत जातं. डॉक्टरांनी सांगितलेलं, उन्हाळ्यात खोली थंड ठेवा, न्हाईतर ताप डोक्यात जाईल. मॅडमनी मार्चपासून रजा काढून चादरी भिजवून भिजवून त्यांच्या अंगावर टाकल्या होत्या. शेवटी सरांच्या भावानं पुण्याहून एक स्प्लिट एसी पाठवला आणि तो बसवायला मला बोलावलं.

खोका उघडला तर बाहेरच्या युनिटवर गॅसचं नाव वेगळंच. आर-४१०ए. आजवर मी बावीस नंबरचा, म्हणजे आर-२२ गॅसच वापरलेला. दुसरी अडचण म्हणजे गेजची नळी ज्या तोंडाला लावायची, ते तोंडच मोठं. माझी नळी बसेना. मी मॅडमना म्हणालो, "दोन दिवस द्या. औजार आणावं लागंल."

"दोन दिवसांत नक्की ना, मिस्त्री? ऊन बघा."

"नक्की."

दुसऱ्या दिवशी एसटीनं औरंगाबादला गेलो. दुकानदार ओळखीचा. त्यानं काउंटरवर एकेक वस्तू मांडली. जाड नळ्या. जास्त आकड्यांपर्यंत जाणारा गेज. तांब्याच्या नळीचं तोंड फुलवायचं नवं यंत्र. ठरल्या जोरावर टक् करून सुटणारा टॉर्क पाना. नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप.

"या गॅसचं प्रेशर जास्त आहे," तो म्हणाला. "जुना गेज चालत न्हाई. आणि ह्याचं तेल ओल पिऊन घेतं, म्हणून पंप लावल्याबिगर काम करू नका. गॅस कंपनीतूनच भरून येतो. तुम्ही हवा ओढा, व्हॉल्व्ह उघडा, बस."

शेजारी एक मेकॅनिक पितळी नट मोजून घेत होता. तो म्हणाला, "शेठ, सगळंच नवं घ्यायला लावता राव. गॅस गॅस असतो. औजार विकायचे धंदे हेत कंपन्यांचे."

"तू जा बाबा, तुझे नट घे," दुकानदार म्हणाला. "मागच्या महिन्यात तुझी नळी फुटली तेव्हा कोण रडत आलं होतं?"

"ती नळी तुमच्याच दुकानातली व्हती."

दोघंही हसले. मी हसलो न्हाई, कारण मला खरंच काही कळत नव्हतं. दोघंही खात्रीनं बोलत होते. फुलवायचं यंत्र हातात घेतलं, ठेवलं. पाना घेतला, ठेवला, परत घेतला. माझं मनगट सांगतं तेवढा नट आवळायची सवय, आता पाना सांगणार. शेवटी यंत्र, पाना, पंप आणि जाड नळ्या घेतल्या. गेज मात्र घेतला न्हाई. पैशांचा प्रश्न नव्हता, तेवढे होते. पण माझ्या पिशवीत एक गेज होता आणि नव्या गेजवरही सुईच होती. सुई ती सुई, असं काहीतरी वाटलं असावं. आज विचारलं तर मला कारण सांगता येत न्हाई.

नव्या नळ्यांचं एक तोंड मशीनला बसणार होतं, पण दुसरं उस्तादांच्या गेजला बसेना. तेव्हा मी स्वतःच बोट दाखवून विचारलं, "तो बारका पितळी जोड कशाला असतो?"

"दोन मापं जोडायला."

मी तोही घेतला.

ह्या जोडाचा विचार मी फार वेळा केलाय. तोंडाचं माप बदललं होतं तेच माझ्यासारख्यानं जुना गेज लावू नये म्हणून. कुणीतरी दूर बसून माझा हात धरला होता. मला ती अडचण वाटली. आपल्याकडं काही बसत न्हाई म्हटलं की आपण जोड शोधतो. का बसत न्हाई, हे विचारत न्हाई.

जाफराबादला परत गेलो. सकाळी लाइट नसायची, तेवढ्या वेळात भिंतीवर युनिट चढवलं, नळ्या फुलवल्या, पान्यानं आवळल्या. लाइट आल्यावर अर्धा तास पंप चालवला. सगळं दुकानदारानं सांगितलं तसं. मंग व्हॉल्व्ह उघडले आणि गेजची सुई सटकन शेवटच्या टोकाला जाऊन टेकली. मी मागं सरकलो. मशीन चालू केलं तर ती खाली आली, पण एकशेवीसच्या पुढंच थरथरत राहिली. बाहेर ऊन असं, की युनिटच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता.

प्रेशर जास्त असतं, हे ऐकलेलं. पण किती जास्त? ते मी विचारलंच नव्हतं. खिडकी उघडी होती. आतून सरांचा आवाज आला.

"काय करून राह्यलात मिस्त्री? थांबलात का?"

"काही न्हाई सर. कंपनीनं गॅस जरा जादा भरलाय."

"कंपनी जादा कशाला भरेल?"

मी बारीक बारीक गॅस सोडत गेलो. फुस्स करून बोटांवर गार फवारा यायचा आणि सुई थोडी उतरायची. सत्तरवर आली तसा हात काढला. आत गेलो तर एसीतून बर्फासारखी हवा येत होती. सरांच्या आई खुर्चीवर बसून पदर गुंडाळून घेत म्हणाल्या, "अगं बाई, काश्मीर झालं की." मॅडमनी बादलीतली ओली चादर पिळून बाहेर दोरीवर टाकली.

"आता काळजी न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"बिलकुल न्हाई."

हे मी म्हणालो. हे मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मॅडम शाळेत गेल्या. निकालपत्रकं राहिली होती आणि आता खोली थंड होती. घरी सरांच्या आई. त्यांना ऐकू कमी येतं. गॅस कमी पडला की एसीची आतली जाळी गरजेपेक्षा गार होते, तिच्यावर बर्फ धरतो, हवा अडते. आधी गारेगार लागणारी हवा हे त्याचंच पहिलं लक्षण होतं. दुपारी बर्फानं जाळी बंद झाली आणि बाहेरचं युनिट तापून बंद पडलं. एसीचा आतला पंखा मात्र फिरत होता, त्याचा दिवा लागलेला होता. सरांच्या आईंना वाटलं मशीन चालू आहे. लेकाला गारठा नको म्हणून त्यांनी सकाळीच त्यांच्या अंगावर गोधडी टाकलेली. दारं-खिडक्या गच्च लावलेल्या. सर एकदोनदा बोलले म्हणे, मंग तापात बोलायचे थांबले.

मॅडम साडेचारला आल्या. जीप करून सरांना जालन्याला नेलं. मला कळलं तेव्हा मी वाटूरला एका दुकानात काम करत होतो. दवाखान्यात गेलो तर बाहेर नातेवाईक उभे. एकजण म्हणाला, "व्होल्टेजनं घात केला, न्हाई का मिस्त्री?"

"व्होल्टेजच," मी म्हणालो.

तेव्हा मला खात्री नव्हती. हेही खरं सांगतो. व्होल्टेज कमी असायचंच. पण माझ्या बोटांना तो गार फवारा आठवत होता.

सर वाचले. पाचव्या दिवशी ताप उतरला. ते दवाखान्यात असतानाच मी औरंगाबादला जाऊन आलो. दुकानदारानं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोडला? कशाला सोडला? ह्याची सुई एकशेवीस-तीसलाच असती." मी नवा गेज घेतला, वजनकाटा घेतला. हा गॅस अंदाजानं भरायचाच नसतो, वजनावर भरायचा असतो, सिलिंडर उलटा धरून. जाफराबादला येऊन राहिलेला गॅस काढला, परत हवा ओढली आणि युनिटच्या पट्टीवर लिहिला होता तेवढा मोजून भरला. सर घरी आले होते. खिडकी परत उघडी होती.

"मिस्त्री," ते म्हणाले, "आता सुई कितीवर आहे?"

"एकशेतीस, सर."

"आणि त्या दिवशी?"

मी आत गेलो. उभ्यानं सांगवेना, म्हणून पलंगाशी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. गेज, जोड, सत्तर. सरांना मान वळवता येत न्हाई. ते छताकडं बघत ऐकत होते.

"मला त्या दिवशीच वाटलं होतं," ते म्हणाले. "मी लावून धरलं न्हाई. ते जाऊ द्या. पण ती शाळेत गेली म्हणून हे झालं असं ती धरून बसली आहे. रात्रीची उठून माझ्या कपाळाला हात लावते. माझ्याकडून ऐकलं तर तिला वाटेल मी समजूत काढतोय. तुम्हीच सांगा तिला."

मॅडम मागच्या ओट्यावर चादरी धूत होत्या. मी तिथं जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील, निदान रडतील. त्यांनी चादर पिळली.

"म्हणजे मी घरी असते तरी मशीन बंद पडलं असतं?"

"हो मॅडम. चूक माझी व्हती."

"पण मी असते तर खिडकी उघडली असती," त्या म्हणाल्या. "चादर भिजवली असती."

मी कबुली दिली ती त्यांचं ओझं उतरवायला की माझं, हे आता नीट सांगता येत न्हाई. त्यांचं तर उतरलं न्हाईच.

थोड्या वेळानं त्या एक कोरी चिठ्ठी आणि पेन घेऊन आल्या. "उद्या दुसरा कुणी मेकॅनिक आला तर त्याला कळलं पाहिजे. गॅसचं नाव लिहा, किती भरला ते लिहा, सुई कुठं पाहिजे ते लिहा." मी लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि चिठ्ठी परत माझ्यापुढं धरली.

"त्या दिवशी किती सोडला होता, तेही लिहा."

मी पेन धरून बसलो. ते मी मोजलंच नव्हतं.