गाळलेली ओळ

शांतवनमामांना शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसत नसावं. मी नुकतीच लग्न होऊन सेलूला आले होते. मिशनच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे वाचनाची ऐट अंगात पुरेपूर. रविवारी सासूबाईंबरोबर उपासनेच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसले. मामा चष्म्याची दोरी कानामागे अडकवून उभे राहिले, संथ आवाजात वाचू लागले आणि मध्येच थांबले. बोट एक ओळ खाली सरकवलं आणि पुढचं वाचायला लागले. मी सासूबाईंच्या कानात म्हटलं, "आत्याबाई, एक ओळ सुटली." त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "सुटली न्हाई, गाळली. ह्या आठवड्यात त्यायला जमलं नसंल."

मामांचा हा नियमच होता. पाळकसाहेब रेल्वेने महिन्यातून एकदाच यायचे. बाकीचे रविवार मामांकडे. ते वस्तीतले वडीलधारे, मंडळीचे पंच आणि मी येईपर्यंत वाचता येणारे एकटेच. पण जी ओळ आठवडाभर स्वतःला पाळता आली नाही, ती ते दुसऱ्यांना वाचून दाखवत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "जे माझ्याच्यानं झालं न्हाई ते तुमाला कोन्त्या तोंडानं सांगू?" त्यांची बायको, सुवार्तामामी, भारी फटकळ. ती म्हणायची, "ह्यायचं शास्त्र म्हंजी माझी पिठाची चाळण. भोकंच लय."

धंद्याने मामा शिंपी. जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, ओट्यावर मशीन, आणि कापसाच्या गाड्या यायला लागल्या की मामांच्या मिशा महिना-दोन महिने धुळीने पिवळ्या. शिंपी म्हटला की चार बोटं कापड त्याच्या घरी जायचंच, असं सगळेच धरून चालतात. मामा मात्र उरलेल्या चिंध्यांचं गाठोडं शिवलेल्या कपड्याला बांधून द्यायचे. सेलूत घरोघरी त्यांच्या चिंध्यांच्या गोधड्या होत्या. आणखी एक सवय होती. मशीन चालू असताना ते कुणाला उत्तर देत नसत. काही विचारलं की आधी चाकावर तळवा ठेवून ते थांबवायचे, समोरच्याकडे बघायचे आणि मग बोलायचे. "टाइमावर होईल का" एवढं विचारलं तरी हाच सोहळा. माझ्यासारख्या घाईच्या बाईला फार राग यायचा.

एकदा शेजारच्या तेल्याच्या शेळीने मामांचं शेवग्याचं रोप मुळापासून खाल्लं. बोलणं बंद झालं. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही ओळ अख्खा पावसाळा गायब! शेवटी आम्ही बायकाच तेल्याकडे गेलो आणि म्हटलं, "दादा, तुमच्या शेळीपायी आमचा अध्याय अडकलाय. मिटवा एकदाचं." तेली पोट धरून हसला आणि संध्याकाळी तेलाची बुधली घेऊन मामांच्या ओट्यावर येऊन बसला. त्या रविवारी मामांनी ती ओळ इतक्या मोठ्याने वाचली की भिंतीपलीकडे तेल्याच्या बैलालाही ऐकू गेली असेल.

हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं तसं नव्हतं.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. राज्याविरुद्ध लढणारी दोन पोरं उपाशीतापाशी वस्तीत आली, मामांनी त्यांना भाकरी दिली. चौकीवर कुणकुण लागली. जमादार शिपाई घेऊन ओट्यावर येऊन उभा राहिला. नुसतं "नाही" म्हटलं असतं तर भागलं असतं, कुणी पाहिलेलं नव्हतं. पण मामांनी चाक थांबवलं. "दिली भाकर. भुकेल्याला देऊ नये असं माझ्या पुस्तकात कुटं लिवल्यालं न्हाई. पन ती कोन हुती, कुटं गेली, ते मी सांगनार न्हाई." त्यांना धरून नेलं. परत आले ते उजवा पाय ओढत. त्या रविवारी छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची ओळ त्यांनी गाळली आणि कधी नव्हे तो खुलासाही केला. "ही आज न्हाई जमायची. लय दुखायलंय." आम्हाला हसावं की रडावं कळेना.

त्याच जमादाराचा एक कुर्ता त्यांच्याकडे शिवायला पडलेला होता. मामी म्हणाली, "चुलीत घाला." मामा काही दिवस त्याच्याकडे बघत राहिले. मग एके दिवशी बसले, नीट शिवला, काजं केली, चिंध्यांचं गाठोडं बांधलं आणि लंगडत चौकीवर जाऊन देऊन आले. पुढच्या रविवारी ती ओळ वाचली. आवाज मात्र जरा बारीक होता.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. लोकांनी गूळ वाटला, मीही खाल्ला. पण चार दिवसांत वाऱ्याची दिशा फिरली. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी केलेल्या जुलमाचा सूड घ्यायला माणसं निघाली, आणि सूड घेणाऱ्याला समोर कोण आहे ते दिसत नाही, नुसतं नाव दिसतं. मामांच्या घरामागे रहीमचाचा पिंजारी राहायचे. मामांनी रजईची खोळ शिवायची आणि चाचांनी त्यात कापूस भरायचा, असा दोघांचा वर्षानुवर्षांचा शेजार. आयुष्यात चाचांनी कापसाशिवाय कुणाला काठी मारली नव्हती.

भर दुपार होती. मी चोळीचं माप द्यायला ओट्यावर आले होते. मागच्या दाराने चाचा आणि त्यांची बायको हलीमाबी धापा टाकत आत शिरले. मामांनी त्यांना आतल्या खोलीत रजयांच्या चळतीमागे बसवलं, येऊन मशीनवर बसले आणि चाक फिरवायला लागले. तेवढ्यात काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं आली. ओळखीचीच होती. दोघांच्या अंगातले सदरे तर मामांनीच शिवलेले.

पुढच्याने विचारलं, "मामा, पिंजारी तुमच्या घरात हाय का?"

मामांनी चाकावर तळवा ठेवला. हा माणूस खोटं बोलत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या घटकेला मला त्यांच्या खरेपणाची भीती वाटली. मामांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. म्हणाले, "न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "घर बघू द्या." पुढच्याने त्यालाच झापलं. "काय बघायचं? मामा न्हाई म्हनले म्हंजी न्हाई. जमादारापुढं खोटं बोलला न्हाई त्यो मानूस, तुझ्यापुढं बोलंल व्हय?" आणि ती माणसं निघून गेली. जन्मभर जपलेला खरेपणा मामांनी त्या एका शब्दावर पणाला लावला होता. ते पुन्हा चाक फिरवू लागले, पण सुईत दोराच नव्हता.

त्या रविवारी ते पुस्तक न उघडताच उभे राहिले. "मी खोटं बोललो," म्हणाले. "आता पुस्तक दुसऱ्यानं घ्यावं." मामीच उठली. "बसा गप. एका ओळीपायी सगळं पुस्तक सोडायला निघाले! ती ओळ गाळा आन् बाकीचं वाचा. आजवर काय करत आलाव?" मंडळी हसली, मामीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. मामांनी पुस्तक उघडलं. तुमचं बोलणं होय तर होय आणि नाही तर नाही एवढंच असावं, अशा अर्थाची ती ओळ. तिथे आल्यावर ते थांबले, बोट खाली सरकवलं.

पाळकसाहेबांनी पुष्कळ समजावलं की देवाने क्षमा केली, आता वाचा. मामा म्हणाले, "साहेब, क्षमा पस्ताव्याला असती. मला पस्तावाच न्हाई. उद्या त्यायनी पुन्हा इचारलं तर मी पुन्हा न्हाईच म्हनीन. मंग देवाला फसवून ती ओळ कशी वाचू?" पाळकसाहेब चांगले माणूस होते, त्यांनी पुस्तक परत मामांच्याच हातात दिलं.

रहीमचाचांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी अन्न टाकलं. माझ्यादेखत मामांचे हात धरून म्हणाले, "माझ्यापायी तुमची किताब अधुरी राहिली, मामा. पढा की ती. मी जिता हाय ना."

मामा हसले. "तू जिता हायस, म्हनूनच ती गाळतोय, येड्या. ओळ थांबती. कितीबी थांबती. मानूस थांबत न्हाई."

तेव्हापासून चाचा रविवारी आमच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायला लागले. आत येत नसत. मामा त्या अध्यायाशी आले आणि आवाज थांबला की चाचांची मान खाली जायची. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ती जागा पाठ होती.

काही वर्षांनी मामा गेले. चाचांनी ताजा कापूस पिंजून उशी भरली आणि स्वतः त्यांच्या डोक्याखाली ठेवली. पाळकसाहेब वेळेवर पोचू शकले नाहीत, म्हणून मामीने पुस्तक माझ्या हातात दिलं. "तोच अध्याय वाच," म्हणाली. मी मातीच्या ढिगाजवळ उभी राहून वाचत गेले आणि त्या ओळीशी आले. मला वाटलं होतं, आज वाचावी. मामांसाठी कुणीतरी ती वाचून पुरी करावी. पण माझा तळवा आपोआप पानावर टेकला, चाकावर टेकावा तसा, आणि मी थांबले.

तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या रहीमचाचांचा आवाज आला, मोठा आणि स्वच्छ.

"आमीन."