चांगुणाचा बसस्टॉप

चांगुणा पगारेबद्दल मी गोड गोड लिहीन अशी कुणाची अपेक्षा असेल, तर आधीच सांगून ठेवते: मला ती बाई सहन होत नाही. तिच्यात काही खोट आहे म्हणून नव्हे. खोट असती तर मला एवढा त्रास झालाच नसता.

गंगापूर रोडने पुढे गेलं की आमचं विद्यापीठ लागतं. ते नुसतं कॉलेज होतं तेव्हापासून मी तिथे परीक्षा विभागात आहे. माझी खिडकी तळमजल्यावर. काचेला खाली अर्धगोल भोक, पलीकडे विद्यार्थी, अलीकडे मी. हॉलतिकीट, निकालातल्या चुका, पेपर पुन्हा तपासायचे अर्ज, सगळा कारभार त्या भोकातून. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मी हातातलं पेन हलवत "नियम म्हणजे नियम" म्हटलं की भली भली पोरं गप्प होतात. पोरं मला घाबरतात याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. चांगुणा येईपर्यंत.

चार-पाच वर्षांपूर्वी विद्यापीठाने विद्यार्थी सहाय्य कक्ष उघडला. वर्गात न येणारी, विषय राहिलेली, शिक्षण सोडायच्या बेतात असलेली पोरं शोधायची आणि त्यांना धरून ठेवायचं, हे त्या कक्षाचं काम. त्यावर हिची कंत्राटी नेमणूक झाली. माझ्या खोलीपासून तिसरी खोली मिळाली, जिथे पूर्वी जुन्या उत्तरपत्रिकांची पोती असायची. पहिल्या दिवशी ती पाठीला सॅक लावून माझ्या खिडकीशी आली, तर मला वाटलं विद्यार्थिनीच आहे. मी मान वर न करता म्हटलं, "हॉलतिकीट दुपारनंतर." ती हसली. मला तेव्हाच ती आवडली नाही.

मूळची ती येवल्याजवळच्या खेड्यातली. वडील जयराम दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणायचे. बारावीनंतर पोरगी शिकायला नाशिकला आली आणि पहिल्याच वर्षी तिचं वर्गात जाणं बंद पडलं. इंग्रजीतून शिकवलेलं कळेना आणि विचारायची लाज. हजेरी कमी भरली, नाव काढून टाकलं, आणि ही पेटी घेऊन येवल्याच्या एसटीत बसली. पुढे तिथे साडीच्या दुकानात ग्राहकांनी मोडलेल्या घड्या परत घालत राहिली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, पुन्हा नाव घातलं, पदवी घेतली, त्यावर समाजकार्याचं शिक्षण केलं. "मॅडम, तेव्हा कुणी एक फोन केला असता ना, तर मी परत आले असते," असं ती मला एकदा डबा खाताना म्हणाली. आता दिवसभर तोच फोन ती दुसऱ्यांना करत असते.

तिचा फोन मी तिच्या दाराआडून ऐकलेला आहे. तू का येत नाहीस, हे ती विचारतच नाही. आधी "जेवलास का?" मग घरचं, मग गावात पाऊसपाणी काय. सटाण्याकडचा हर्षल नावाचा एक मुलगा कॉलेज सोडून घरी जाऊन बसला होता. त्याला तिने फोन लावला आणि सुरुवात केली, "कसा शे रे भाऊ?" माझं माहेर सटाण्याचं. अहिराणी माझ्या आईची बोली, आणि ऑफिसात ती मी कधी तोंडातून काढली नाही. ही येवल्याची, चार पोरांकडून ऐकून मोडकंतोडकं बोलते, आणि तो हर्षल आठवडाभरात वर्गात हजर! माझा नुसता जळफळाट झाला.

आमच्याकडे निकाल लागला की पोरं पेढे वाटतात. निकाल माझ्या विभागातून बाहेर पडतो. आणि पेढ्यांचे बॉक्स माझ्या खिडकीवरून पुढे तिसऱ्या खोलीत जातात. तिथून मग चांगुणा स्वतः एक पेढा कागदावर ठेवून माझ्याकडे आणते. "मॅडम, हर्षल पास झाला." तो पेढा मी खाते, पण तिच्यासमोर खात नाही.

या सगळ्यावर कडी म्हणजे तिचा बसस्टॉप. रोज दुपारी साडेचारला ही बाई कक्षाला कुलूप लावते आणि गेटबाहेरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहते. गावाकडची पोरं तास संपला की बसकडे धावतात, कक्षात यायला त्यांना वेळ कुठला, म्हणून ही त्यांना तिथे गाठते. त्यातही तिची एक रीत आहे. ती पोरांच्या समोर कधी उभी राहत नाही. शेजारी राहायचं आणि दोघांनी बस जिकडून येते तिकडे, धरणाच्या रस्त्याकडे, बघत बोलायचं. "समोर गेलं की पोरं मिटतात, मॅडम," ती म्हणते. मी दिवसभर समोरच बसलेली असते, म्हणून हे मला टोमण्यासारखं लागतं. तसा तिने मारलेला नसतो, हे आणखी वाईट.

इथवर सगळं ऑफिसातल्या हेव्यादाव्यात बसणारं होतं. मग गेल्या महिन्यात माझ्या खिडकीतून मला तिच्या शेजारी माझी मुलगी दिसली.

सृष्टी आमच्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडे स्कूटी आहे, बसस्टॉपवर तिचं कामच नाही. तरी ती तिथे उभी होती. चांगुणाने सृष्टीचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर लावला होता आणि ती बोट नाचवत काहीतरी बोलत होती. सृष्टी पोट धरून हसत होती. घरी ती अशी कधी हसली ते मला आठवेना. दोन-तीन दिवसांनी पुन्हा दिसल्या, तेव्हा सृष्टीने चांगुणाच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं आणि डोळे पुसत होती. माझ्या काचेसमोर एक मुलगा हॉलतिकीट मागत होता. त्याला मी काय उत्तर दिलं मला माहीत नाही. दुसऱ्या बाईच्या खांद्यावर माझं लेकरू रडत होतं आणि मला कारणसुद्धा ठाऊक नव्हतं. पेढ्यांचं मी सोसलं होतं, पण हे माझ्याच्याने सोसवेना.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "काय चाललंय तुझं?"

"काही नाही, मम्मी."

दुसऱ्या दिवशी मी वेगळा मार्ग धरला. तिच्या खोलीत चहा घेऊन गेले, पलंगावर बसले आणि आवाज मऊ करून म्हटलं, "सृष्टी, जेवलीस का गं दुपारी? मैत्रिणी बऱ्या आहेत ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि फिस्सकन हसली. "मम्मी, तू चांगुणा मॅडमसारखी का बोलतेयस?"

मी चहाचा कप तिथेच ठेवून उठले. स्वयंपाकघरात येऊन डबे उगीच पुसले. आमचे हे म्हणाले, पुसलेलेच डबे काय पुसतेस. त्यांनाही दोन शब्द ऐकवले.

सकाळी ऑफिस उघडताच मी तिसऱ्या खोलीत शिरले. "सृष्टी तुला काय सांगते?"

चांगुणा सॅक उतरवत होती. "मॅडम, ते तिचं तिने सांगायचं."

"मी आई आहे तिची."

"म्हणून तर मी सांगत नाही." तिने सॅक खुर्चीला अडकवली. "आज मी स्टॉपवर उशिरा जाईन. साडेचारला तुम्ही जा. फक्त तिच्या समोर उभ्या राहू नका, मॅडम."

माझ्या पोरीशी कसं बोलायचं हे आता मला कंत्राटावरचं माणूस शिकवणार! मी तोंडावर तसं म्हटलं नाही, पण दार आपटून बाहेर आले. दिवसभर ठरवलं होतं की जायचं नाही. साडेचारला खिडकी बंद केली आणि गेले.

सृष्टी स्टॉपवर एकटी होती. मला पाहून दचकली, इकडेतिकडे बघायला लागली. समोर जाऊन "काय लपवतेस?" म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि धरणाच्या रस्त्याकडे तोंड केलं. नुसतं उभं राहायची मला सवय नाही. पर्सचा बंद किती वेळा खांद्यावर सारखा केला असेन.

"मम्मी," ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "माझं एम-थ्री राहिलंय."

एम-थ्री म्हणजे दुसऱ्या वर्षाचं गणित. आमच्याकडे निम्मे अर्ज त्याचेच असतात.

"दोनदा दिलं. या वेळी निघालं नाही तर मला शेवटच्या वर्षाला जाता येणार नाही."

तो नियम मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. मी तो गिळला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणाली होतीस ना, परीक्षेचं घरात काढायचं नाही."

म्हटलं होतं. जवळचा नातेवाईक परीक्षेला असेल तर त्या वर्गाच्या कामाला आम्ही हात लावत नाही, तसं आधी लिहून द्यावं लागतं. सृष्टीने प्रवेश घेतला त्याच दिवशी मी ते लिहून दिलं. उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून घरातही तोच नियम लावला. तिचा निकाल कधी उघडला नाही, कधी विचारला नाही. पोरगी वर्षामागून वर्ष पुढे जातेय एवढं मला पुरत होतं. विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण ते माझ्या पोरीला लागू होईल असं कधी डोक्यातच आलं नाही.

पण मेला मत्सरच असा, की त्या क्षणीही माझ्या तोंडून फटकन निघालं, "आणि तिला बरं सांगितलंस!"

"त्यांना नाही गं सांगितलं. विषय राहिलेल्यांची नावं त्यांच्याकडे जातातच. आम्ही इथे प्रॅक्टिस करायचो."

"गणिताची?"

"नाही. तुला सांगायची." ती अजूनही रस्त्याकडेच बघत होती. "त्या तू व्हायच्या."

बस आली. दोन-चार पोरं चढली, कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं, बस गेली.

म्हणजे इतके दिवस काचेआडून मी जिच्यावर जळत होते, ती तिथे मी होऊन उभी होती. माझी लेक जिच्या खांद्यावर रडली तीही मीच. आणि माझं कामसुद्धा ती बाई माझ्यापेक्षा बरं करत होती. मला हसू येईना आणि रडूही येईना.

"मी कशी होते?" मी विचारलं.

"चष्मा नाकावर आणून 'नियम म्हणजे नियम' करायचीस." ती हसली, मग थांबली. "आधी खूप रागवायचीस. मग गप्प व्हायचीस. एकदा मला खरंच रडू आलं."

"आणि शेवटी?"

"शेवटी म्हणायचीस, चल, घरी जाऊ."

गेटच्या आत चांगुणा एका मुलीशी बोलत थांबली होती. आमच्याकडे तिने मुद्दाम पाठ केली होती. तिचं वाक्य मला नको होतं. माझं स्वतःचं काहीतरी म्हणावं म्हणून मी खूप शोधलं, पण दुसरं काही सुचलंच नाही.

"चल," मी म्हटलं, "घरी जाऊ."