अडलेल्या गाईला गुरुवारची वेळ

गाय अडली आहे, वासराचा एकच पाय बाहेर आलाय, असं कुणी तुम्हाला फोनवर सांगितलं, तर डॉक्टर चार दिवसांनी येतील असं तुम्ही म्हणाल का?

आमच्या यंत्रानं म्हटलं.

मी नगरला, सावेडीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. एका सहकारी दूध डेअरीसाठी आम्ही शेतकऱ्यांचे फोन उचलून जनावरांच्या डॉक्टरची भेट ठरवणारा एआय एजंट बनवला होता. ज्या फोनबद्दल तक्रार आली, त्याचं रेकॉर्डिंग ऐकणं माझ्याकडे होतं. त्यात मिरजगावजवळच्या वस्तीवरच्या एका बाईंचा फोन होता.

"आवं दादा, गाय अडली हाय माजी. सकाळधरनं कळा देतीया. वासराचा एकच पाय भायेर हाय."

"आपली विनंती नोंदवली आहे. डॉक्टर गुरुवारी आपल्या गावी येतील."

"गुरुवारी? आवं, आज रविवार हाय! तवर काय तिला थांब म्हनू व्हय?"

"आणखी काही मदत हवी आहे का?"

"आवं, तीच तर मागतीया न्हवं!"

बाईंनी शेवटी कर्जतहून खासगी डॉक्टर आणला, पण वासरू पोटातच मेलं होतं. गाय बसली ती उठलीच नाही. त्यांच्या दावणीला तेवढी एकच गाय होती. आणि डेअरीनं त्यांच्या तक्रारीवर शेरा मारला : 'ग्राहकाने तातडी असल्याचे सांगितले नाही.'

तो शेरा कळल्यावर बाईंनी डेअरीला पुन्हा फोन केला, तेव्हा गाईचं बोलल्याच नाहीत. "म्या सांगितलं न्हाई म्हनं! माज्या नावावर खोटं लिवलंय, ते आदी पुसा."

असा एजंट स्वतः डॉक्टरला बोलवत नाही. त्याच्या हाताशी साधनं, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे छोटे प्रोग्राम, दिलेली असतात आणि प्रत्येक साधनाखाली आपण वर्णन लिहिलेलं असतं. ते वाचून तो कुठलं उचलायचं ते ठरवतो. आमच्या एका साधनाखाली होतं, 'डॉक्टरांची भेट नोंदवते.' दुसऱ्याखाली, 'डॉक्टरांची प्राधान्य भेट नोंदवते.' बस. प्राधान्य कुणाला? कशासाठी? पहिलं वापरलं तर नाव ठरलेल्या फेरीत जातं आणि दुसरं वापरलं तर डॉक्टरचा मोबाईल लगेच वाजतो, हे कुठंच नव्हतं. नव्या माणसाला एवढ्यावर कामाला बसवलं असतं, तर त्यानंही हाच घोळ घातला असता.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील एमआयडीसीतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे आणि शाळेतून आल्यावर मी ती कापून गठ्ठे बांधायचे. एकदा मीही एक मजकूर लिहिला, 'अन्यायाविरुद्ध एकजुटीने उभे राहा' वगैरे. वडिलांनी तो वाचला आणि विचारलं, "उभं कुठं राहायचं? कुठल्या गेटवर? पहिल्या पाळीनं की दुसऱ्या? ज्याची पाळी चालूय त्यानं काय करायचं?" मला रडू आलं होतं. आज ऑफिसात इतके शिकलेले लोक बसलेत आणि यातला एक प्रश्न कुणाला पडू नये!

मीटिंगमध्ये आमच्या कंपनीचे प्रमुख, म्हणजे सर, म्हणाले, "बाईंनी इमर्जन्सी म्हणायला हवं होतं."

"सर, तुमच्या घराला आग लागली तर तुम्ही 'इमर्जन्सी' म्हणून ओरडाल का?"

"ते आधी कॉम्प्युटरवर तक्रारीचं तिकीट रेझ करतील," शेजारचा सहकारी पुटपुटला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

त्याच दुपारी मी दुसऱ्या साधनाचं वर्णन नव्यानं लिहिलं. 'जनावर अडलं असेल, बसून उठत नसेल, पोट फुगलं असेल, तर हेच साधन वापर. यानं डॉक्टरला लगेच फोन जातो. बोलणाऱ्यानं तातडी हा शब्द उच्चारण्याची वाट पाहू नकोस. शंका आली तर विचार. तरीही शंका उरली तर हेच वापर. लसीकरण आणि गाभण तपासणीसाठी वापरू नकोस. त्यासाठी ठरलेल्या फेरीचं साधन आहे.' पहिल्याखालीही लिहिलं, की यात डॉक्टर यायला काही दिवस लागू शकतात. जनावराचा जीव धोक्यात असेल तर हे वापरू नकोस.

"एवढं लांबलचक?" सर म्हणाले.

त्या बाईंच्याच फोनचं रेकॉर्डिंग एजंटला पुन्हा ऐकवून पाहिलं. एजंटनं योग्य साधन उचललं. सर म्हणाले, "गुड. विषय संपला."

"आणि तो शेरा?"

"ते डेअरीचं रेकॉर्ड आहे. आपला काय संबंध?"

आपला काय संबंध! वर्णनाच्या ओळी आमच्या, त्या अर्धवट ठेवल्या आम्ही, आणि खोटी ठरली ती कळवळून सांगणारी बाई. तो शेरा अजून तसाच आहे. मी डेअरीला पत्र पाठवलंय, उत्तर नाही. आणि आता हेच यंत्र दुसऱ्या डेअऱ्यांना विकायला काढलंय.

म्हणून, तुम्ही डेअरीला दूध घालत असाल तर एवढं करा. येत्या सर्वसाधारण सभेत उभे राहा. आपला फोन यंत्र उचलत असेल तर त्याला काय लिहून दिलंय, ते सभेत वाचून दाखवायला सांगा. आणि 'ग्राहकाने सांगितले नाही' असा शेरा कुणाच्याही तक्रारीवर असेल, तर त्या फोनचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावायला लावा. ते लागेपर्यंत खाली बसू नका.