टाळी कोणी वाजवली

बारक्याला आयुष्यात एकच विद्या नीट आली, थोबाडीत खायची. रंगमंचावर जाड्या हात उगारायचा, बारक्या मान झटकायचा आणि त्याच क्षणी पोटाशी धरलेल्या हातांनी टाळी वाजवायचा. गालाला वाराही लागायचा नाही, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. हशा मात्र सगळा बारक्याला, आणि तेच जाड्याच्या पोटात दुखायचं. "मारतो मी अन् कौतुक याचं," म्हणत त्यानं जोडी मोडली. तो टीव्हीवर गेला, बडा नट झाला. बारक्या पोरांच्या वाढदिवसांना विदूषक होऊन पोट भरत राहिला.

मग इतक्या वर्षांनी जाड्याचा फोन आला. त्याच्या विनोदी मालिकेच्या एका भागात दोन नटांचं हाडवैर होतं. हरणाऱ्या नटाचं काम त्यानं बारक्यासाठी राखून ठेवलं होतं. आमचा भोळा सांब हुरळला. काम काय, आज आहे उद्या नाही; मित्रानं मनातली अढी काढली, याचाच त्याला आनंद.

"बघ, विसरला नाही तो मला," तो बायकोला म्हणाला.

"जपून हं. तोंडघशी पडाल," ती म्हणाली.

चित्रीकरणात थोबाडीचा प्रसंग आला आणि घोळ झाला. इथे कॅमेरा हातभर अंतरावर, आवाज नंतर भरायचा. पण बारक्याचे हात ऐकतील तर शपथ. दर वेळी टाळी वाजायची आणि कॅमेऱ्यात दिसायची. वैतागून दिग्दर्शकानं त्याला हात खिशात घालायला लावले. बारक्यानं घातले, आणि जाड्याकडे बघून पूर्वीसारखा ओळखीचं हसला.

जाड्यानं खरीच मारली. कानाखाली जाळ काढला मेल्यानं. चित्रीकरण बघायला समोर बसवलेले प्रेक्षक खो खो हसले, दिग्दर्शक खूश झाला. जाड्या वाकून हळूच म्हणाला, "आता सांग, हशा कोणाचा?" बारक्याला गालापेक्षा ते जास्त लागलं. घरी तो यातलं काहीच बोलला नाही.

तो भाग लागला तेव्हा बायको शेजारीच होती. आवाज ऐकून ती खुदकन हसली.

"टाळीत अजून जोर आहे हो तुमच्या. उगीच संशय घेतला मी त्याचा."

मग तेच दृश्य पुन्हा, सावकाश दाखवलं. तिनं जोडीचे सगळे खेळ पहिल्या रांगेत बसून पाहिले होते. तिची नजर गालावर न जाता खिशांवर गेली आणि ती हसायची थांबली.

"अहो, मग टाळी कोणी वाजवली?"

"त्यानंच," बारक्या म्हणाला आणि टीव्ही बंद करायला उठला.