अण्णांनी लिहिलेली तीन पानं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. निपाणीला अण्णांच्या बहिणीनं मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं होतं — 'खरं सांग, तिकडं ऑफिसात नेमकं झालं तरी काय?' — तेव्हाही मी 'काही नाही हो अक्का, थकले होते ते' म्हणाले आणि हातातला कप विसळायला घेतला. आज तुम्हाला सांगतेय. तुम्ही मला ओळखत नाही, अण्णांनाही नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

पण थोडं लांबून यावं लागेल. मी बोललेल्या त्या एका वाक्याशी एकदम जाता येत नाही मला.

मी बेळगावची. बंगळूरला येऊन अकरा वर्षं झाली. मारतहळ्ळीत एकटी राहते, कामाला व्हाइटफील्डला जाते. काम काय ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. युरोपातल्या कंपन्यांना आम्ही अहवाल लिहून देतो — जगात काय घडतंय, त्याचा धक्का त्यांना कुठं बसेल. माझा विषय एकच: युरोपच्या रक्षणाचा भार अमेरिका कुठवर वाहणार? महायुद्ध संपल्यापासून युरोप अमेरिकेच्या भरवशावर राहिलेला. सैन्य तिचं, उपग्रह तिचे, विमानांचे सुटे भाग तिचे. तो भरवसा किती पक्का, हे इथे ट्रॅफिकमधून दोन तास घासत आलेली माणसं एसीत बसून लिहिणार! हसू येतं ना? मलाही यायचं सुरुवातीला.

हा विषय मला अण्णांनी शिकवला. माधवअण्णा निपाणीचे. धारवाडला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते, निवृत्त झाल्यावर करारावर आमच्याकडे आले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. कंप्युटरशी त्यांचं कधी जमलं नाही — पिवळ्या कागदांवर शाईच्या पेनानं लिहायचे आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. 'वसू, हे घाल बघू आत.' मी टाइप करायची. तह वाचताना शब्दांपेक्षा तो पाळणारा माणूस कोण आहे ते आधी बघायचं, हे त्यांनीच मला दाखवलं.

दुपारचं जेवण आम्ही दोघं एकत्र घ्यायचो. सगळ्या मजल्यावर मराठी बोलणारी आम्ही दोघंच. पुण्याची दोन मुलं होती, पण ती आपसातही इंग्रजीच झाडायची. अण्णा डबा उघडायचे, शेंगदाण्याची चटणी माझ्या झाकणात काढायचे, मग म्हणायचे, 'हं, बोल आता माणसासारखं.' आणि मी बोलायची. दिवसातला तेवढाच अर्धा तास मी माझ्या भाषेत असायची.

अशाच एका दुपारी त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. शेवटची सहा वर्षं तिला काही आठवत नव्हतं. न झालेल्या गोष्टी झाल्या म्हणायची, दागिने सुनेनं घेतले म्हणायची. 'मरणाची भीती नाही गं मला,' अण्णा म्हणाले, 'पण आईसारखं व्हायला नको. ती सुरुवात कशी झाली, तेच आम्हाला कळलं नाही बघ.' हे त्यांनी मला सांगितलं होतं. फक्त मला. हे लक्षात ठेवा — मीही ठेवलं होतं.

आमचा एक मोठा ग्राहक होता. युरोपच्या उत्तरेकडच्या बंदरांवर राडार बसवणारी कंपनी. त्यांच्यासाठीचा अहवाल आम्ही दरवर्षी करायचो आणि दरवर्षी निष्कर्ष तोच निघायचा: कुरबुरी आहेत, पण अमेरिका युरोपला सोडणार नाही. त्या वर्षीही मजकूर जवळजवळ पक्का झाला होता. एका मंगळवारी अण्णांनी तीन पानं आणून माझ्या हातात दिली. 'उशीर झालाय, ठाऊक आहे. तरी हे घालच.'

मी वाचली. त्यांनी लिहिलं होतं की अमेरिका आणि युरोपमधला रक्षणाचा करार कागदावर आहे तसाच राहील, कुणी तो मोडणार नाही. पण त्यामागची इच्छा एका निवडणुकीत, एका माणसाच्या रागालोभात संपू शकते. आणि ते घडेल तेव्हा घोषणा होणार नाही — आधी शत्रूच्या हालचालींची माहिती उशिरा येऊ लागेल, मग सुटे भाग अडतील, मग मित्रालाच धमक्या सुरू होतील. तेव्हा आजच दुसरी सोय बघा.

तीन पानं. एक शब्द जास्त नाही.

मी ती घातली नाहीत.

का? आमचे प्रमुख श्रीनाथ एकदा बैठकीत म्हणाले होते, ग्राहकाला उगाच घाबरवू नका. मला टीमची प्रमुख करायचं चाललं होतं, आणि अहवालावर शेवटची सही माझी असायची. हे खोटं ठरलं तर? — अशी भीती वाटली. पण एवढंच असतं तर मी अण्णांना तोंडावर सांगितलं असतं, 'अण्णा, यंदा नको.' मी सांगितलं नाही. कारण त्याहून लहान, त्याहून घाणेरडी एक गोष्ट होती. ती पानं चांगली होती. इतक्या वर्षांत मी तसं एक पान लिहिलं नव्हतं. मी ती पर्समध्ये घातली, घरी आणली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. अण्णांनी विचारलं, 'घातलंस काय?' मी म्हणाले, 'हो.'

छापून आलेला अहवाल ते कधी वाचत नसत. माझ्यावर सोडलेलं असायचं.

पुढं काय झालं ते तुम्हीही बातम्यांत पाहिलंय. अमेरिकेचा सूर बदलला. लढणाऱ्या युक्रेनला द्यायची माहिती मध्येच थांबली. स्वतःच्याच मित्राच्या भूमीवर हक्क सांगणं सुरू झालं. युरोपातले नेते एका रात्रीत पोरके झाल्यासारखे बोलू लागले. आमच्या ग्राहकाचे सुटे भाग अडकले आणि त्यांचा निरोप आला — तुम्हाला दिसलं नव्हतं, की दिसूनही सांगितलं नाही?

श्रीनाथनी आम्हाला काचेच्या खोलीत बोलावलं. सहाजण होतो. टेबलावर फिल्टर कॉफी आली होती, कुणी घेतली नव्हती. त्यांनी इंग्रजीत विचारलं, आपल्यापैकी कुणी हे मांडलं होतं का?

अण्णा शांतपणे म्हणाले, 'मी लिहून दिलं होतं. तीन पानं. वसुधाकडे.'

सगळे माझ्याकडे बघू लागले.

आता ते वाक्य. मी आवाज मऊ केला — हेच मला सगळ्यात जास्त आठवतं, किती मऊ केला ते — आणि मराठीत, जणू फक्त त्यांच्यासाठी, म्हणाले, 'नाही अण्णा. आपण जेवताना बोललो होतो त्यावर. तुम्ही लिहून दिलं नव्हतं.' मग इतरांकडे वळून तेच इंग्रजीत सांगितलं.

त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते घाबरले होते. समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत म्हणाले, 'असेल. असेल हं. बोललोच असेन.'

मला ठाऊक होतं मी कुठं मारतेय. ते ठाऊक नसतं, तर हा नुसता खोटेपणा झाला असता. नाही का?

त्यांना कुणी काढलं नाही. श्रीनाथ तर म्हणाले, वय आहे, होतं असं. पण त्यानंतर अण्णांनी खिशात एक डायरी ठेवायला सुरुवात केली. सकाळी काय खाल्लं, कुणाशी काय बोलले, सगळं टिपायचे. जेवताना मध्येच थांबून विचारायचे, 'हे मी काल सांगितलं काय तुला?' बहुतेक वेळा सांगितलेलं नसायचं. मी तसं म्हणायची. ते मान हलवायचे, पण त्यांचा विश्वास बसायचा नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या करून घेतल्या. सगळं व्यवस्थित निघालं. 'डॉक्टर लोक सुरुवातीला असंच म्हणतात,' अण्णा म्हणाले. 'आईच्या वेळीही म्हणाले होते.' त्या दिवशीही मी सांगू शकले असते. डब्याचं झाकण लावत बसले.

चार महिन्यांनी त्यांनी काम सोडलं आणि बहिणीकडे निपाणीला गेले. मी टीमची प्रमुख झाले. आता जेवते ती टेबलाशीच, स्क्रीनसमोर. कधी कधी संध्याकाळी ऑटोवाल्याला कानडीत 'स्वल्प मुंदे', थोडं पुढं, म्हणते तेव्हा लक्षात येतं की अख्ख्या दिवसात तोंडानं बोललेले शब्द हे एवढेच. घरी गेल्यावर तर तेही नाही. यात तक्रार नाही. असं आहे, एवढंच सांगतेय.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. तिकडच्या एका कॉलेजात अमेरिका आणि युरोप यावर व्याख्यान हवं होतं, अण्णांनाच बोलावलं होतं. 'मी नाही म्हटलं गं. मध्येच काही विसरलो तर? तू ये. तुझं नाव सांगितलंय मी.'

मी गेले. जाताना ठरवलं होतं की ती पानं घेऊन जायची, त्यांच्या हातात ठेवायची, आणि पाय धरायचे. पानं घेतलीही. पण आधी व्याख्यान होतं, आणि माझ्यापाशी सांगण्यासारखं स्वतःचं काही नव्हतं. मी उभी राहिले आणि त्यांनी लिहिलेलं सांगितलं. त्यांचा क्रम, त्यांची वाक्यं, जवळजवळ शब्द न् शब्द. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते, डायरी मांडीवर. लिहून घेत होते.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गर्दी ओसरल्यावर अण्णा सावकाश माझ्याजवळ आले. डोळे भरले होते त्यांचे. माझे दोन्ही हात हातात घेतले.

'किती नीट मांडलंस गं, वसू. असं मला कधी सुचलं नसतं.'

मी म्हणाले, 'थँक्यू, अण्णा.'

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी पोहे केले होते. मी खाल्ले, कप विसळला, आणि पानं तशीच पर्समध्ये घेऊन दुपारच्या गाडीनं बंगळूरला परत आले.