रोखाबाईचे सासरे

सीटी स्कॅनच्या खोलीत तिला सगळे रोखाबाई म्हणत. माइकवर दिवसभर तिचं एकच चाले: श्वास घ्या, रोखा, सोडा. मशीनमध्ये हे सांगणारा तयार आवाज होता, पण तो तिने बंद करून टाकला होता. त्या आवाजाला पेशंटच्या जिवाची काय पर्वा, असं तिचं म्हणणं. ती स्वतः पेशंटबरोबर श्वास रोखून धरायची. आपला जीव कासावीस झाला की त्याचाही झाला असणार, हा तिचा हिशेब. संध्याकाळी घरी पोचायची ती डोंगर चढून आल्यासारखी.

त्या दिवशी टेबलावर तिचे सासरेच होते. जन्मभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. तरुणपणी क्षय झाला, बरा झाला, पण जाताना फुफ्फुसात एक पोकळी ठेवून गेला. तरी त्यांनी वाजवणं सोडलं नाही. आता खोकल्यातून रक्त पडलं आणि एक्स-रेत त्याच जागी गोल सावली दिसली. घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं, पण प्रत्येकाच्या तोंडावर तोच होता. सासऱ्यांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत घातलं आणि पेटी माळ्यावर टाकली.

"एकदा पाठीवर घे, एकदा पोटावर," छातीचे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी बसत म्हणाल्या. "कॅन्सरची गाठ असली तर जागची हलणार नाही. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढला असला, तर पालथं केल्यावर घरंगळेल."

पाठीवरचं झालं. गोळा पोकळीत पाठीच्या बाजूला बसला होता, त्याच्यावर हवेची कोर. मग सासरे पालथे झाले.

"एवढं तर मला आईनेही लोळवलं नव्हतं," ते म्हणाले.

"बोलू नका, बाबा. श्वास घ्या. रोखा."

पडद्यावर चित्र उमटलं. गोळा पोकळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडला होता.

"घरंगळला की गं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने असा काही श्वास सोडला की समोरचा कागद उडाला. डोळे पुसले, डॉक्टरीणबाईंचा हात घट्ट धरला, गोळा पुन्हा पाहिला, पुन्हा डोळे पुसले. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. आपण श्वास सोडला म्हणजे बाबांनीही सोडला, असंच ती धरून चालली होती. काचेपलीकडे सासऱ्यांचे पाय टेबलावर आपटू लागले, तेव्हा कुठे ती भानावर आली.

"सोडा, बाबा, सोडा."

ते धापा टाकत, हसत बाहेर आले. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. रक्ताच्या तपासणीने पक्कं करायचं, औषधं घ्यायची, कदाचित ऑपरेशनही लागेल. पण हे बुरशीचंच दिसतंय, कॅन्सरचं नाही.

"मग पेटी खाली काढू का?" सासऱ्यांनी विचारलं.

"एवढ्यात नको."

"तुम्हाला नाही, डॉक्टर. सूनबाईला विचारतोय."

"पेटी आजच काढू," ती म्हणाली. "फुंकायचं तेवढं रोखा. सोडा म्हणायला या खेपेला विसरणार नाही."