पडद्यावरचे शून्य

रोमाल्दासने अकरा वर्षे स्वीडनमध्ये बिननोंदीचे काम केले. भिंती फोडल्या, मलबा उपसला, संध्याकाळी रोख घेतली. कामावरच्या एका जोडीदाराची मांडी मोडली, तेव्हा मुकादमाने त्याला इस्पितळाच्या दारात उतरवले आणि गाडी वळवली. हा माणूस माझा नाहीच, म्हणाला.

म्हणून कार्ल्सहाम्न बंदरात धान्याची जुनी कोठारे पाडण्याचे काम मिळाले आणि फोनमधल्या हजेरीच्या यादीत त्याचे नाव चढले, तेव्हा ते त्याने बायकोला पुन्हा पुन्हा दाखवले. फाटकाच्या खांबाला फोन लावला, की माणूस आत मोजला जाई; निघताना पुन्हा लावला, की मोजणीतून कमी होई. विमा, निवृत्तिवेतन सगळे त्या मोजणीवर. आणि चालकासमोरच्या पडद्यावर आतल्या माणसांची संख्या शून्य दिसल्याशिवाय पाडणारे यंत्र हलवायचे नाही, हा नियम.

शुक्रवारी लिथुआनियाला जाणारी बोट गाठायची घाई असे. टोळीने रीत पाडली होती: सगळ्यांचे फोन रोमाल्दासकडे, तो एकटाच ते खांबाला लावून सगळ्यांना बाहेर काढी, तोवर बाकीचे पिशव्या भरीत.

त्या शुक्रवारी त्याने फोन लावले, शून्य दिसले, आणि यंत्राने पहिला घास घेतला. फोन वाटताना एक हातात उरला. मेहुण्याचा, विर्गिसचा. कुणीतरी म्हणाले, तो आपला घण आणायला तळघरात गेलाय.

इंजिनाच्या आवाजात हाक पोचणार नव्हती. चालक फक्त पडदा बघत होता. रोमाल्दासने विर्गिसचा फोन खांबाला लावला. एक. यंत्राचा जबडा भिंतीला टेकून थांबला.

देखरेखीची गुनिला खोलीतून बाहेर आली. आत कोण गेले, तिने विचारले. चुकून लागला असे म्हटले असते, तर त्याचे नाव यादीत राहिले असते आणि यंत्र पुन्हा सुरू झाले असते.

"विर्गिस," तो म्हणाला. "तो बाहेर आलाच नव्हता. मीच त्याला काढलं होतं."

"आजच?"

"दर शुक्रवारी."

तिने चालकाला यंत्र बंद करायला सांगितले. बऱ्याच वेळाने विर्गिस धुळीतून बाहेर आला, घण खांद्यावर, भुवयांपर्यंत पांढरा.

"दाजी, मला पुरायचंच होतं तर आधी ताईला तरी विचारायचं."

कुणी हसले नाही. संध्याकाळपर्यंत दोघांची नावे फोनमधून गेली. गुनिला म्हणाली, वाईट वाटतं, पण हे मला झाकता येणार नाही. त्याने मान डोलावली. तिच्या जागी त्यानेही तेच केले असते.

बोटीवर विर्गिसचा फोन वाजला. तोच जुना मुकादम. एक बंद बॉयलरघर पाडायचे होते, रोख देणार होता, फोन घरीच ठेवून यायचे.

"आत किती माणसं असतील?" रोमाल्दासने विचारले.

विर्गिसने विचारून पाहिले. "म्हणतो, तुम्हाला काय करायचंय?"

रोमाल्दासने आपला फोन खिशातून काढून पिशवीच्या तळाशी ठेवला.

"येतो म्हणून सांग," तो म्हणाला.